हात लागल्यावर किती पावलं

"तीन पॉइंट दोन," उदय म्हणाला आणि त्यानं शांतपणे वाटीत आमटी वाढून घेतली.

पोरानं बापाला काय विचारलं होतं? सरळ विचारलं होतं, "बाबा, ऑनेस्टली सांगा. मी खरंच किती चांगला आहे?" आणि बापाचं उत्तर काय, तर तीन पॉइंट दोन! अरे, ताप मोजतोयस का पोराचा? माझा घास हातातच राहिला.

उदय माझा मुलगा. इथं इंग्लंडात, रीडिंगला, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे. सून नीना फार्मसिस्ट. आणि विचारणारा तो वीर, माझा नातू, इथंच जन्मलेला, कॉव्हेंट्रीला युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला. शनिवारचं जेवायला घरी आला होता. मी सांगलीचा. एकतीस वर्षं शाळेत खेळाचा मास्तर होतो आणि सुट्टीच्या दिवशी कबड्डीचा पंच. आता वय शहात्तर. जानेवारीत इकडं आलो, एप्रिलमध्ये परत जाणार. तोवर थंडीला शिव्या देणं एवढंच काम.

तर हा वीर कॉव्हेंट्रीत खेळतो काय, तर अमेरिकन फुटबॉल. इंग्लंडात राहून अमेरिकेचा फुटबॉल! चेंडू हातात घेऊन पळायचं, पाय क्वचित लावायचा, आणि नाव मात्र फुटबॉल. त्या नावाचा नाद मी सोडून दिला. वीर त्यातला रनिंग बॅक. म्हणजे चेंडू त्याच्या हातात द्यायचा आणि त्यानं समोरच्या अकरा रेड्यांमधनं वाट काढत पुढं घुसायचं. जितके यार्ड पुढं जाईल तितका तो भारी.

माझी पहिली मॅच म्हणजे एक फजितीच होती. नीनानं मला गाडीनं नेलं होतं. वीर चेंडू घेऊन घुसला, तिघांनी त्याला आडवा केला, आणि चाळीस वर्षांची सवय, माझा हात आपोआप गळ्यातल्या शिट्टीकडं गेला. हो, पंचाची शिट्टी अजून माझ्या गळ्यात असते. मी दणकून वाजवली आणि ओरडलो, "बाद! बाहेर हो!" बावीसच्या बावीस जण जागच्या जागी थांबले. रेफरी माझ्याकडं बघायला लागला. नीनानं तोंडावर स्कार्फ ओढून घेतला. मग वीरचा कोच, डॅरेन नावाचा गडी, हसत हसत आला आणि त्यानं समजावून सांगितलं की इथं पडला म्हणून कुणी बाद होत नाही, उठायचं आणि परत घुसायचं. तेव्हापासून तिथं सगळे मला 'व्हिसल ग्रँडडॅड' म्हणतात. म्हणू देत.

तर त्या शनिवारची गोष्ट. जर्मनीतल्या एका क्लबनं वीरला बोलावलं होतं. उन्हाळ्याचे तीन महिने राहायचं, खायचं, त्यांच्या टीमबरोबर खेळायचं, आणि चांगला निघाला तर पुढं बघू, असं. इकडं रीडिंगच्या एका ऑफिसात त्याची नोकरी ठरलेली, जूनमध्ये रुजू व्हायचं. जर्मनीला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. पोरगं महिनाभर नीट झोपलं नसावं. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"चारच्या वर सरासरी असेल तर चांगला," उदय सांगत होता. "पाच म्हणजे उत्तम. वीर एका धावेत सरासरी तीन पॉइंट दोन यार्ड जातो. म्हणजे साधारण. तिकडं जाऊन बेंचवर बसेल."

"उदय, जेवताना तरी!" नीना म्हणाली.

"त्यानं ऑनेस्टली विचारलं, मी ऑनेस्टली सांगितलं."

"तू एक तरी मॅच बघितलीस का रे?" मी म्हणालो. "आलाय मोठा आकडेवाला!"

वीरच खाली बघत म्हणाला, "आजोबा, मीच नको म्हटलं त्यांना. फर्स्ट इयरला." ते मला नीनानं आधी सांगितलं होतं. पहिल्या वर्षी पहिल्या मॅचला उदय गेला, काठावरनं भरपूर ओरडला, आणि घरी येताना गाडीत पोराला त्याच्या नऊ चुका समजावून सांगितल्या. नऊ! नंबर घालून. तेव्हा वीर म्हणाला होता, बाबा, प्लीज, तुम्ही येत जाऊ नका, मी नर्व्हस होतो. उदय बरं म्हणाला आणि परत कधी गेला नाही.

"मग हे तीन पॉइंट दोन आलं कुठनं?" मी विचारलं.

"वेबसाइटवर असेल," वीर म्हणाला. उदय भातात आमटी कालवत राहिला.

मग पोरगं माझ्याकडं वळलं. "आजोबा, तुम्ही तर दोन मॅच पाहिला. तुम्ही एक्सपर्ट आहे. तुम्ही सांगा, मी कसा आहे?"

आणि मी काय बोललो असेन? माझी जीभ झडली कशी नाही! मी म्हणालो, "बरा आहेस."

आमच्या घरात हीच रीत. पोराची तोंडावर स्तुती करायची नाही. नजर लागते, पोर शेफारतं, डोक्यावर मिरं वाटायला लागतं. माझ्या वडिलांनी मला कधी चांगलं म्हटलं नाही, मी माझ्या पोराला म्हटलं नाही. 'बरा' ही आमच्याकडची सगळ्यात वरची पायरी. पण ते त्या इंग्लंडात वाढलेल्या लेकराला कसं कळावं? त्याचा चेहरा पडला. "ओके," म्हणाला, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि बॅग भरायला वर गेला.

उदयनं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. तशी नजर मी याआधी एकदाच बघितली होती, सदतीस वर्षांपूर्वी. उदय पंधरा वर्षांचा होता. डाव्या बाजूनं चढाई करायचा. जिल्ह्याच्या निवडीला दोन दिवस होते. त्यानं मला विचारलं होतं, "अण्णा, मी कसा खेळतो?" मी सायकलला तेल घालत होतो. मान वर न करता म्हणालो, "बरा." पोरगं निवडीला गेलंच नाही. पुढं गणितात रमलं, इंजिनिअर झालं, आणि मी गावभर सांगत फिरलो की आमच्या उदयला खेळाची आवडच नव्हती हो.

रविवारी वीरची शेवटची मॅच. नीनाची ड्यूटी होती, म्हणून मी म्हटलं, मी ट्रेननं जातो, लहान पोर आहे का मी. ती मला स्टेशनवर सोडायला निघाली. उदय आधीच बाहेर पडला होता.

"यांचं रविवारचं बॅडमिंटन," नीना गाडीत म्हणाली. "तीन वर्षं झाली अण्णा, हिवाळ्यात एक रविवार चुकवत नाहीत. आज मुलाची शेवटची मॅच, निदान आज तरी घरी थांबून फोनवर गुडलक म्हणावं ना! नाही. बॅडमिंटन म्हणजे बॅडमिंटन."

मला एक गोष्ट आठवली. दारातल्या उदयच्या बुटांना दर रविवारी संध्याकाळी घोट्यापर्यंत चिखल असायचा. बॅडमिंटन तर हॉलमध्ये खेळतात. पण मी म्हटलं, या देशात पावसाचा काही नेम नाही, लागत असेल पार्किंगमध्ये. असा मी हुशार!

कॉव्हेंट्रीला उतरून टॅक्सी केली आणि मैदानावर पोचलो. आभाळ भरलेलं, वारा असा की कान दुखावेत. काठावर वीस-पंचवीस माणसं, त्यातली निम्मी थर्मासला चिकटलेली. डॅरेननं लांबूनच हात केला. "व्हिसल ग्रँडडॅड! शिट्टी खिशात ठेवा हं!"

मी त्याला गाठलं. मनात कालचं जळतच होतं. म्हटलं, "तुमच्या त्या वेबसाइटवर पोरांचे आकडे टाकता ना, तेवढ्यावरनं पोराची पारख होत नाही, सांगून ठेवतो."

"कसले आकडे?" डॅरेन म्हणाला. "आम्ही फक्त स्कोअर टाकतो. कोण किती यार्ड पळालं, हे लिहून घ्यायला माणूस कुठाय माझ्याकडं? मी शाळेत शिकवतो, रविवारी इथं येतो, पाण्याच्या बाटल्यासुद्धा मीच भरतो." मग तो पार्किंगकडं बोट दाखवून म्हणाला, "लिहून घेतो तो एकटाच. तो करड्या गाडीवाला. तीन वर्षं येतोय. एकदा मी विचारलं, तर म्हणाला मी वीरचा वडील, पण प्लीज त्याला सांगू नका. माझी टीम हरो, जिंको, तो माणूस येतोच."

मी वळून बघितलं. झुडपांच्या कडेला, मैदानाकडं तोंड करून, उदयची गाडी उभी होती.

मग मी तरातरा गेलो आणि काचेवर टकटक केली. आतला माणूस असा दचकला की त्याच्या मांडीवरची वही खाली पडली. मी दार उघडून शेजारी बसलो.

"छान आहे तुझं बॅडमिंटन कोर्ट," मी म्हणालो.

उदयनं वही उचलली, पान नीट केलं. तेवढ्यात शिट्टी झाली आणि मॅच सुरू झाली. तो वायपर फिरवून काच साफ करत होता आणि लिहीत होता. वीरच्या हातात चेंडू गेला की याचं पेन्सिल धरलेलं बोट पांढरं पडायचं, आणि ओठांतल्या ओठांत, "पाय, पाय, पाय चालू ठेव, पाय." बावन्न वर्षांचा माणूस! मला हसू येत होतं.

"येऊ नको म्हणाला ना तो तुला?" मी विचारलं.

"काठावर येऊ नको म्हणाला," उदय म्हणाला. "पार्किंगबद्दल काही बोलला नव्हता."

"आणि इतकं बघून काल साधारण म्हणालास त्याला?"

"अण्णा, तीन वर्षांच्या दोनशे चौदा धावा आहेत या वहीत. मी तीनदा बेरीज केली. चार यावेत म्हणून केली. येत नाहीत." त्याचा आवाज चिरकला. "उगाच चांगला म्हणू आणि तिकडं त्याचं हसं होऊ दे? खोटं कसं सांगू मी त्याला?"

तेव्हा मला या माणसाची दया आली, आणि रागही आला. "गाढवा," मी म्हणालो, "तुझा आकडा खोटा नाही. अर्धा आहे." आणि मी माझी खिशातली छोटी डायरी काढली.

शाळेत पोरं निवडताना मी एकच गोष्ट मोजायचो. हात लागायच्या आधी सगळेच वाघ असतात. मोकळ्या मैदानात कुणीही पळेल. पकड बसल्यावर, दोघं-तिघं अंगावर असताना, पोरगं मध्यरेषेकडं किती पावलं ओढत नेतं, ते मी मोजायचो. वीरच्या आधीच्या दोन मॅचनाही मी तेच मोजलं होतं. दुसरं काय येतं मला?

"आज तू पूर्ण यार्ड लिही," मी उदयला म्हणालो, "मी हात लागल्यावरचं लिहितो."

अडीच तास आम्ही बापलेक त्या गाडीत बसलो. त्याच्या थर्मासमधला चहा एकाच झाकणातनं प्यालो. वीर घुसायचा, पडायचा, उठायचा. त्याच्या पुढं वाट करून देणारी पोरं पहिल्याच धक्क्याला बाजूला फेकली जायची आणि वीरला चेंडू मिळतो न मिळतो तोच कुणीतरी कमरेला मिठी मारायचं. तरी तो जायचा. एक पाऊल, दोन पावलं, कधी पाच.

शेवटच्या मिनिटांना टीम सहा गुणांनी मागं होती. चेंडू वीरकडं आला. एकानं खांद्याला धरलं, दुसऱ्यानं पायाला, मग तिसरा पाठीवर चढला. वीर चाललाच होता. मी मोजत होतो, तीन, चार, पाच. शेजारचं दार धाडकन उघडलं. बघतो तर उदय गाडीत नाही. हातात वही घेऊन चिखलातनं पळतोय, काठावरच्या दोरीपाशी पोचलाय आणि बोंबलतोय, "पाय, वीर, पाय!"

सातव्या पावलाला वीर पडला. रेषेला दोन यार्ड कमी. मॅच गेली.

वीर उठला, हेल्मेट काढलं आणि समोर बाप बघितला. मी मागनं धापा टाकत पोचलो.

"बाबा? तुमचा बॅडमिंटन?"

"मला नाही येत बॅडमिंटन," उदय म्हणाला.

वीरला काही कळेना. उदयनं नुसती वही पुढं केली. पोरानं चिखलाच्या हातांनी पानं उलटली. प्रत्येक पानावर तारीख, कुणाशी मॅच, पाऊस होता की नाही, आणि वीरची एकेक धाव. कुठं समासात लिहिलेलं, डावा पाय दुखतोय का? कुठं, आज हसत होता. वीर पहिल्या वर्षाच्या पानावर थांबला.

"हे वेबसाइटवर नाहीये?"

"वेबसाइटवर काहीच नाही," मी म्हणालो. "हा बसतो त्या झुडपापाशी. तीन वर्षं."

वीरचा खालचा ओठ थरथरायला लागला. एवढा आडदांड गडी, पण लहान असताना पडला की रडायच्या आधी अगदी असाच करायचा. उदयनं माझी डायरी मागून घेतली आणि त्याच्यापुढं धरली. "आज एकवीस धावा, सदुसष्ट यार्ड. म्हणजे तेच, तीन पॉइंट दोन. पण हे बघ. यातले हात लागायच्या आधीचे फक्त तेरा. उरलेले चोपन्न तू लोकांना अंगावर घेऊन गेलायस. मी तीन वर्षं मोजत होतो, वीर, पण अर्धवट मोजत होतो. तुला वाट कधी मिळालीच नव्हती." मग तो म्हणाला, "तू चांगला आहेस. तिकडं पहिला महिना बेंचवर बसशील, ते मी खोटं नाही सांगणार. दुसऱ्या महिन्यात नाही बसणार. जा तू. नोकरीवाल्यांना विचार सप्टेंबरपर्यंत थांबतात का. नाही थांबले तर बघू पुढचं पुढं."

"तुम्ही पण म्हणता, आजोबा?"

या वेळी मी जिभेला आधी दम दिला. "चांगला आहेस," मी म्हणालो. "बरा नाही. चांगला. काल मी चुकलो."

वीरनं बापाला अशी मिठी मारली की उदयचं जॅकेट पुढून मागून चिखलानं भरलं. "पुढल्या टाइम काठावर उभं राहा," पोरगं त्याच्या खांद्यात तोंड घालून म्हणत होतं. "ओरडलात तरी चालेल. नऊ मिस्टेक्स सांगितल्या तरी चालेल."

"आज चारच होत्या," उदय म्हणाला. वीर रडता रडता हसला.

परत येताना मी उदयच्या गाडीत होतो. एम-फोर्टी हायवेवर आलो तेव्हा ऊन पडलं होतं, या देशात पडतं तेवढं. नीनाचा फोन येऊन गेला. बॅडमिंटनचं ऐकून ती आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली की येताना दूध आणा.

मग समोर बघतच उदय म्हणाला, "अण्णा."

"काय रे?"

"आणि मी?"

त्याला काय विचारायचंय ते मला लगेच कळलं. बावन्न वर्षांचा झाला, केस पिकले, पोरगं जर्मनीला निघालं, आणि हा अजून त्या सायकलपाशीच उभा होता. मी तिथनं मान वर करायला सदतीस वर्षं लावली होती.

"मिरजेची मॅच," मी म्हणालो. "तुझी शेवटची. तू डावीकडनं चढाईला गेलास. तिघांनी पकड केली. साडेपाच पावलं ओढत आणलंस तू त्यांना. बोट रेषेला वीतभर कमी पडलं आणि मी बाद दिलं. बादच होतास तू, त्यात माझी चूक नाही. पण उदय, माझ्या हाताखालनं एकतीस वर्षांत शेकडो पोरं गेली. तिघांना अंगावर घेऊन साडेपाच पावलं दुसरं कुणी आलं नाही. फार चांगला होतास तू. मी बोललो नाही. मी मूर्ख होतो."

उदयनं गाडीचा वेग कमी केला.

"साडेपाच?" उदयनं हळूच विचारलं. "तुम्ही मोजली होती?"

"दरवेळी," मी म्हणालो. "तुझं एकही पाऊल माझ्या मोजणीतनं सुटलं नाही."

त्यानं हाताच्या उलट्या बाजूनं डोळे पुसले. तेवढ्यात रीडिंगकडं जायचा एक्झिट डाव्या हाताला आला आणि मागं गेला. मला दिसला होता. मी काही बोललो नाही. जरा लांबनं गेलो तरी चालण्यासारखं होतं.